दोन कॅट, एक खेळाडू : स्पायडरचा डाव मुलांना कसा शिकवावा?



पत्ते म्हटलं की घरात दोन मतं होतात. कुणाला सुट्टीतली बदाम सात आठवते, तर कुणाला जुगार. पण एकट्यानेच खेळायचा, पैशांचा संबंधच नसलेला डाव असेल तर? स्पायडर सॉलिटेअर हा असाच डाव आहे. विंडोज एक्सपीच्या संगणकावर तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. आपण मात्र तो सतरंजीवर, खऱ्या पत्त्यांनी शिकवू या.

शाब्दिक उदाहरण पूर्ण न वाचताच बेरीज करून मोकळी होणारी मुलं आपण रोज पाहतो. नियमात बसणारी प्रत्येक चाल चांगली असतेच असं नाही, हे त्यांना सांगून पटत नाही. या डावात ते डोळ्यांनी दिसतं.

मांडणी

दोन कॅट घ्या, जोकर काढा आणि सगळी पानं एकत्र पिसा. ५२ + ५२ = १०४ पानं झाली. आता दहा रांगा मांडायच्या. पहिल्या चार रांगांत ६-६ पानं आणि उरलेल्या सहा रांगांत ५-५ पानं. प्रत्येक रांगेतलं फक्त शेवटचं पान उताणं, बाकीची पालथी. किती पानं मांडली? हातात किती उरली? किती पालथी आहेत? हे मुलांनाच काढू द्या. (उत्तरं : ५४, ५० आणि ४४.)

नियम

१. पानं उतरत्या क्रमाने लावायची. राजावर राणी, राणीवर गुलाम, असं थेट एक्क्यापर्यंत.
२. कोणत्याही अठ्ठीवर कोणतीही सत्ती ठेवता येते. पण अनेक पानं एकत्र उचलायची असतील, तर ती एकाच प्रकारची (सगळी बदाम किंवा सगळी इस्पिक) आणि सलग हवीत.
३. वरचं पान हललं की खालचं पालथं पान उघडायचं.
४. रांग रिकामी झाली तर तिथे कोणतंही पान किंवा सलग गट ठेवता येतो.
५. चाली संपल्या की हातातली दहा पानं, प्रत्येक रांगेवर एक अशी वाटायची. त्या वेळी एकही रांग रिकामी नको. असं पाच वेळा वाटता येतं.
६. एकाच प्रकारची राजा ते एक्का अशी माळ पूर्ण झाली की बाजूला काढायची. आठ माळा झाल्या की डाव जिंकला. कोळ्याचे पाय आठ, हे लक्षात ठेवलं की माळा विसरत नाहीत!

तीन पायऱ्या

एकदम पूर्ण डाव शिकवू नका. पहिल्या पायरीवर प्रकाराकडे दुर्लक्ष करा, फक्त क्रम पाहा. दुसऱ्या पायरीवर रंग पाहा. बदाम आणि चौकट हे लाल, इस्पिक आणि किलवर हे काळे, म्हणजे दोनच प्रकार. तिसऱ्या पायरीवर चारही प्रकार वेगळे. ही पायरी मोठ्यांनाही घाम फोडते, म्हणून घाई नको. कॅट तेच, मांडणी तीच, फक्त अट वाढत जाते.

खरा धडा कुठे आहे?

समजा, बदामाची सत्ती हलवायची आहे. समोर बदामाची अठ्ठी आहे आणि इस्पिकचीही. दोन्ही चाली नियमात बसतात. पण बदामावर ठेवली तर जोडी पुढे एकत्र उचलता येईल. इस्पिकवर ठेवली तर सत्ती तिथून हलेपर्यंत अठ्ठी अडकली. इथे उत्तर सांगू नका. फक्त दोन प्रश्न विचारा : "या चालीने काय उघडेल? आणि काय अडकेल?"

रिकाम्या रांगेचंही तसंच. ती दिसली की मुलं लगेच भरतात. "ही जागा कशासाठी राखायची?" एवढं विचारलं की हात थांबतो.

कधी कधी डाव अडतोच. मूल चिडलं तर पानं आवरण्याआधी त्याला विचारा, "कुठून अडलं असं वाटतं?" त्याने बोट ठेवून एक जागा दाखवली, तरी त्या दिवसाचा धडा झाला. मग पत्ते पुन्हा पिसा.

तिसरी-चौथीपासून पुढच्या मुलांबरोबर हा डाव जरूर मांडून पाहा. पहिले दोन-तीन डाव शेजारी बसा, नंतर हळूच उठा.