रंगाचा फवारा : कोणता घ्यावा, कोणता घेऊ नये

सुगी आटोपली, भात मळून घरात आले की आपल्या भागात रंगाची बोलणी सुरू होतात. नाताळच्या आत घर उजळायचे, आणि हात आहेच तर ट्रॅक्टरची ट्रॉली, मोटारसायकलची टाकी, फाटकाचे गज हेही उरकून घ्यायचे. मागच्या रविवारी मिस्सा संपल्यावर एक तरुण शेतकरी थांबला व म्हणाला, "फादर, औषध मारायचा पाठीवरचा पंप घरी आहेच. त्यातूनच भिंतींना रंग मारला तर काय बिघडेल? की रंगाचे मशीन विकतच घेऊ?" हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही, म्हणून उत्तर येथे सविस्तर देतो.

पहिल्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे : नाही. ज्या पंपातून कीटकनाशक वा तणनाशक मारले, तो पंप घराच्या आतल्या भिंतींना लावू नये. तीन वेळा धुतला तरी रबरी नळीत, वॉशरमध्ये आणि टाकीच्या कोपऱ्यांत औषध मुरून राहते. ज्या खोलीत बाळंतीण व लहान मूल निजते तेथे ते कशाला न्यायचे? उलट बाजूनेही नुकसानच आहे. ऑइलपेंटातले टर्पेंटाइन किंवा थिनर लागले की पंपाचे रबर फुगते व दट्ट्या अडकतो. चुन्याचा गाळ राहिला तर पुढच्या फवारणीत तोंड तुंबते आणि औषधाचा गुणही बिघडू शकतो. गोठ्याला किंवा कुंपणाच्या भिंतीला चुना मारण्यासाठी पंप हवाच असेल, तर नवा पंप फक्त चुन्यासाठी ठेवावा, त्यावर तांबड्या रंगाने 'चुना' असे लिहावे आणि चुना फडक्यातून दोनदा गाळून भरावा. चुना मारताना चष्मा घालावा. डोळ्यात शिंतोडा गेला तर चोळू नये. वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान पंधरावीस मिनिटे डोळा धुवावा व तसेच डॉक्टरकडे जावे. चुन्याने बुबुळ भाजते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

गंमत अशी की रंगाच्या फवाऱ्याचा जन्म चुन्यातून आणि औषधातूनच झाला आहे. अमेरिकेत शिकागो शहरातील एका मोठ्या दुकानाची देखभाल पाहणाऱ्या जोसेफ बिंक्स याने तळघराच्या भिंती भराभर पांढऱ्या करता याव्यात म्हणून १८८० च्या दशकात हातपंपाचा फवारा तयार केला. त्याच सुमारास टोलेडो शहरातील डॉ. अ‍ॅलन डीव्हिल्बिस हे घशाचे डॉक्टर रोग्याच्या घशात औषध उडवण्यासाठी एक फवारणी बनवीत होते. पुढे त्यांच्या मुलाने तेच तत्त्व रंगाला लावले आणि आज गॅरेजमध्ये दिसते ती स्प्रे गन आली. १९२० च्या दशकात मोटारींसाठी झटपट वाळणारा ड्यूको रंग निघाला. तो ब्रशने नीट बसत नसे, म्हणून गनचा प्रसार झाला. ड्यूको हे खरे एका कंपनीच्या रंगाचे नाव. आपण मात्र गाडीच्या कोणत्याही रंगाला ते लावतो.

आता मशीनविषयी. बाजारात तीन जाती मिळतात.

पहिली हातात धरायची विजेची गन. तिच्यातच, किंवा नळीने जोडलेल्या डब्यात, एक पंखा असतो. तो पुष्कळ हवा कमी दाबाने सोडतो. पाचसहाशे वॅटचे यंत्र, लिटरभराच्या आतला डबा. दाब कमी असल्याने रंग फार उडून जात नाही, निम्म्याहून अधिक वस्तूवरच बसतो. मात्र रंग पातळ करावा लागतो, आणि किती पातळ हेच सगळे गमक आहे. मशीनबरोबर तळाला भोक असलेला छोटा कप मिळतो. तो भरून किती सेकंदांत रिकामा होतो ते मोजायचे व पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडायचे. हा कप पुष्कळ जण पहिल्याच दिवशी हरवतात आणि मग मशीन वाईट म्हणून बोलतात. खिडक्यांचे गज, फाटक, खुर्च्या, दारे, कौलारू घराचे वासे व रिपा, ट्रॉलीच्या फळ्या, एवढ्या कामाला ही गन पुरते. शेतकरी घराला एकच मशीन घ्यायचे असेल तर मी हेच सुचवीन.

दुसरी कॉम्प्रेसरवरची गन. गाडीचा पत्रा आरशासारखा हवा असेल तर हीच. वर डबा असलेली गन घ्यावी, थोडा रंगही शेवटपर्यंत वापरता येतो. गाडीच्या शेवटच्या हाताला तोंड १.३ ते १.५ मिलिमीटरचे लागते, प्रायमरला त्याहून मोठे. पण खरेदीत लोक चुकतात ते गनमध्ये नव्हे, कॉम्प्रेसरमध्ये. दुकानदार टाकी किती लिटरची व दाब किती पौंडांचा हे सांगतो. विचारायला हवे ते वेगळेच : मिनिटाला किती घनफूट हवा देतो? एक हॉर्सपॉवरचा छोटा कॉम्प्रेसर साधारण तीनचार घनफूट देतो आणि बऱ्याचशा मोठ्या गना आठदहा मागतात. मग दोन मिनिटांत दाब उतरतो, फवारा थुंकू लागतो आणि पत्र्यावर संत्र्याच्या सालीसारखे खरखरीत उमटते. ही चूक मी स्वतः केली आहे. चर्चचे लोखंडी फाटक मागून आणलेल्या कॉम्प्रेसरवर रंगवायला घेतले, टायरमध्ये हवा भरायचे ते यंत्र. दुपारपर्यंत अर्धे फाटक झाले, तेही घासून पुन्हा करावे लागले. ब्रशने तासाभरात झाले असते. दुसरी गोष्ट पाण्याची. हवा दाबली की तिच्यातला ओलावा टाकीच्या तळाशी साठतो. तो रोज खालचा नळ उघडून काढला नाही आणि नळीवर पाणी अडवणारी बाटली बसवली नाही, तर रंगात फोड येतात. आपल्या दमट हवेत तर फारच.

तिसरे एअरलेस मशीन. यात हवा नसते. पंप रंगालाच दीड ते तीन हजार पौंडांच्या दाबाने बारीक छिद्रातून बाहेर ढकलतो. सभागृह, शाळा, नवे रिकामे घर दिवसभरात होते. एका कुटुंबाने हे विकत घेण्यात अर्थ नाही. चार घरांनी मिळून भाड्याने आणावे, आणि चालवणारा माणूस जाणता असावा. कारण त्या दाबाने रंग कातडीत शिरतो. तोंड तुंबले म्हणून कोणी बोटाने पुसायला जातो आणि बोटावर काटा टोचल्याएवढी खूण उरते. रक्त नाही, फारसे दुखतही नाही. माणूस हळद दाबून कामाला लागतो. आत मात्र रंग बोटाच्या शिरेवाटे तळव्यापर्यंत पसरलेला असतो, आणि उशीर झाला तर बोट कापावे लागते. अशी खूण दिसताच घरगुती उपाय न करता, रंगाचा डबा सोबत घेऊन, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या इस्पितळात त्याच तासाला जावे आणि 'दाबाच्या मशीनचा रंग आत गेला आहे' असे स्पष्ट सांगावे. तोंड साफ करण्यापूर्वी मशीन बंद करून दाब सोडायचा व घोडा अडकवून ठेवायचा, हा नियम मोडू नये.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. चार खोल्यांच्या राहत्या घराच्या आतल्या भिंतींना फवारा परवडतच नाही. सामान बाहेर काढणे, चौकटी, दिवे, फरशी व पवित्र तसबिरी कागदाने झाकणे यातच दिवस जातो. जांभ्या दगडाची भिंत असेल तर नुसत्या फवाऱ्याने छिद्रांत रंग भरत नाही, मागून रोलर फिरवावाच लागतो. तेथे ब्रश आणि रोलर बरे.

आता प्रकृतीचे. बेळगावच्या उद्यमबागेत रंगखात्यात काम केलेली मुले आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहेत. त्यांना विचारा, रात्री डोके का दुखते. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साठते. म्हणून बंद खोलीत, गोठ्यात किंवा चुलीशेजारी फवारा मारू नये. वेदीपुढला दिवा, विडी, मोटारीचा बटणातला ठिणका, कशानेही भडका उडतो. तोंडाला बांधलेला रुमाल रंगाचे मोठे कण अडवील, वाफ अडवणार नाही. वाफेसाठी कोळशाच्या डब्यांचा मास्क घ्यावा आणि काम झाल्यावर तो हवाबंद पिशवीत ठेवावा. उघडा टांगला तर डबे वापराविनाच निकामी होतात. काम झाल्यावर गूळ खाल्ला की रंग उतरतो, ही समजूत आहे. गूळ अवश्य खा, पण मास्कऐवजी नव्हे.

गाडीच्या नव्या रंगांत एक जात हार्डनर मिसळून वापरायची असते. तिची चकाकी टिकते खरी, पण त्या हार्डनरमधील आयसोसायनेट नावाच्या द्रव्याने दमा जडतो. एकदा शरीराने ते धरले की पुढे त्याच्या नुसत्या अंशानेही झटका येतो. त्याचा वास धोक्याची सूचना देत नाही, आणि कोळशाच्या मास्कवर विसंबता येत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. म्हणून डब्यावर हार्डनरची वेगळी बाटली दिसली की ते काम घरी करू नये. मोटारसायकलची टाकी गॅरेजला द्यावी. ट्रॉलीला गंज तारेच्या ब्रशने काढून, रेडऑक्साइडचा हात देऊन, साधा सिंथेटिक इनॅमल मारला तरी चांगला टिकतो.

जुना ऑइलपेंट खरवडताना आणखी सांभाळावे. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम २०१६ साली झाला व नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या दारांखिडक्यांवर शिसे असू शकते. कोरडा पॉलिशपेपर घासला की ती धूळ अंगणात पसरते, रांगणारे मूल तोच हात तोंडात घालते आणि शिशाने त्याच्या मेंदूची वाढ खुंटते. पाणी लावून घासावे, खाली ताडपत्री पसरावी, पोरे व कोंबड्या त्या दिवशी शेजारी ठेवाव्यात, आणि खरवड शेतात किंवा विहिरीकडे टाकू नये.

हाताची गोष्ट थोडक्यात. विजेची वा कॉम्प्रेसरची गन वस्तूपासून सहाआठ इंच, एअरलेस फूटभर. मनगट न वळवता सगळा हात सरळ न्यावा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा यावा, आणि घोडा वस्तूच्या कडेबाहेर दाबून कडेबाहेर सोडावा. आधी जुन्या पत्र्यावर सराव करावा. धुण्याचा कंटाळा असेल त्याने मशीन घेऊच नये. रंग आत वाळला तर गन गेली.

त्या तरुणाने तूर्त चुन्याच्या पंपाचे व दोन रोलरचे ठरवले आहे. विजेची गन वाड्यावरच्या पाच घरांनी मिळून घ्यावी असा विचार आहे. कपाची जबाबदारी कोणाची, एवढेच ठरायचे राहिले आहे.