चित्रफितीत न येणारे

निवृत्तीनंतर मोटारखान्यात लेथ, ड्रिल-मशीन, ग्राइंडर आणि पट्टी-करवत अशी सिद्धता ज्याने घरातल्यांची बोलणी खाऊन केली, त्याला ते वैभव चार लोकांनी पाहावेसे वाटणे स्वाभाविकच आहे. आणि भाच्याने ते यूट्यूबवर चढवण्याची तजवीज केली, तेव्हा मीही रुकार दिला. प्रेक्षक जमले, वाहवा झाली. मग अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने पृच्छा केली, "काका, तुम्ही चकची किल्ली काढता कधी?"

चकमध्ये काम आवळले की किल्ली तत्क्षणी काढून ठरल्या जागी ठेवायची, ती चकमध्ये असेपर्यंत तिच्यावरचा हात सोडायचा नाही, हा शिरस्ता आमच्या मिस्त्रींनी आम्हांला दरडावून शिकवला होता. कारण किल्ली तशीच ठेवून यंत्र सुरू केले, तर ती उसळून कोणाच्या कपाळी बसेल याचा नेम नसतो. भाच्याने मात्र आवळणे आणि फिरणे यांच्यामधले ते कंटाळवाणे क्षण संकलनात कापले होते, आणि त्याच्या कलेच्या दृष्टीने ते रास्तच होते. प्रेक्षकाला दिसले एवढेच, की किल्ली आवळली आणि पोलादाची साल निघू लागली. पाते नीट दिसावे म्हणून करवतीचे आवरण काढा, हा प्रेक्षकांचा तगादा त्यापुढचा; तो मी साफ धुडकावला.

सबब, ज्यांच्या मनात असा बेत घोळत असेल त्यांनी आधी आपल्या क्रियांची छाननी करावी, आणि ज्या क्रियेचे अननुभवी माणसाने एकट्याने अनुकरण केले असता हात किंवा प्राण जाण्याचा संभव आहे, ती दाखवूच नये. उच्च दाबाच्या विजेने लाकडावर वृक्षाकार नक्षी जाळण्याचा प्रकार दिसतो मोहक. पण जुन्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून तो घरी करताना माणसे दगावली आहेत, आणि अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स या संस्थेने २०१७ साली आपल्या कार्यक्रमांतून तो वर्ज्य केला.

द्रव्यलाभाचा हिशेबही आधीच करावा. नेहमीच्या चित्रफितींवर जाहिरातींचा वाटा मिळण्यास १००० सदस्य आणि मागील १२ महिन्यांत ४००० तासांचे प्रेक्षण अशी अट आहे. तेव्हा त्या भरवशावर नवे यंत्र उधार आणू नये. घराची पाटी आणि किमती हत्यारांचे कपाट चौकटीत येऊ देऊ नये, हे सांगायला नकोच.

आमचे चित्रीकरण चालू आहे, परंतु कात्री कोठे चालवायची याचा अखेरचा अधिकार आता माझा. ज्यांना हा अधिकार स्वतःकडे ठेवणे जमणार नाही, त्यांनी कॅमेऱ्याच्या भानगडीत न पडता आळीतल्या दोन होतकरू मुलांना रविवारी यंत्रापाशी उभे करावे.