रक्ततपासणी चुकवू नकोस

रत्नागिरी, १२ जून

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या आईचा फोन आला. डॉक्टरांनी तुझ्या इसबासाठी सायक्लोस्पोरिन लिहून दिलंय आणि तू ‘प्रतिकारशक्ती मारणारं औषध’ म्हणून पाकीट न फोडता कपाटात ठेवलंयस. ही भीती मला नवी नाही. ३ वर्षांपूर्वी हेच पाकीट माझ्याही हातात होतं. रात्री खाजवू नये म्हणून मी सुती मोजे हातात घालून झोपायची, तरी सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके असायचेच.

त्याआधीची माझी चूक ऐक. माझ्या इसबाला कुणी गजकर्ण म्हणालं, म्हणून दुकानातून आणलेली ट्यूब मी महिनोन्महिने चोपडली. तीत स्टिरॉइड होतं. लावलं की दोन दिवस बरं, सोडलं की दुप्पट. बहुतेक स्टिरॉइड मलमं २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी मागितली की मिळतात. तू मागू नकोस.

सायक्लोस्पोरिन नॉर्वेतल्या मातीत सापडलेल्या बुरशीपासून निघालं. बदललेली किडनी शरीराने झिडकारू नये म्हणून ते आधी वापरात आलं. इसबात आपल्याच पांढऱ्या पेशी एकमेकींना हाका मारून कातडीवर तुटून पडतात. हे औषध त्या हाका दाबतं. माझी खाज दुसऱ्या आठवड्यातच उतरली. तेव्हा एका रात्री मी सलग सहा तास झोपले. किती वर्षांनी, ते आठवेनाही!

पण मूत्रपिंड आणि रक्तदाब यांवर ते नजर ठेवायला लावतं. सुरुवातीला दर पंधरवड्याला क्रिएटिनिन आणि बीपी, पुढे महिन्याला. मी कालनिर्णयवर तारखांना लाल गोल करायची. बरं वाटतंय म्हणून तपासणी टाळायचा मोह होतो, आणि खरा धोका तिथेच आहे. गोळी आपल्या मनाने बंदही करू नकोस. अंग दुखलं तर ब्रुफेन, डायक्लोफेनॅक आपणहून घ्यायचं नाही. काढा, चूर्ण काहीही घेत असलीस तर डॉक्टरांना सांग. आणि आपल्या परसातलं पपनस बंद! त्याने औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं. तुला आवडतं म्हणून दरवर्षी पाठवते, यंदा शेजारी वाटून टाकीन.

पुढे कधी मेथोट्रेक्सेटवर नेलं, तर ती गोळी आठवड्यातून एकदाच, रोज नाही. हे आईलाही सांगून ठेव.

मृग लागलाय. लावणीला इकडे आलीस तर बांधावर बस, चिखलात उतरू नकोस. पायाच्या भेगांतून लेप्टोचा जंतू शिरतो, आणि या औषधावर असताना साधा तापही अंगावर काढायचा नसतो. छातीचा एक्स-रे काढायला सांगितलाय तो क्षयासाठी. तो झाल्याशिवाय पहिली गोळी घेऊ नकोस.

एक्स-रे आणि रक्ताचे रिपोर्ट डॉक्टरांना दाखव. त्यांनी हो म्हटलं की पाकीट फोड, आणि त्याच संध्याकाळी मला फोन कर.

तुझी,
आत्या