पाणथळीसाठी कर लागला तर: खर्च किती, आणि आपलं मत कुठे नोंदवायचं

शिरोळ तालुका चार नद्यांचा आहे: कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर इथल्या घराघरांत शिरले. उन्हाळ्यात तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडतो आणि पंचगंगेचं पाणी केंदाळाखाली दिसेनासं होतं. नदीकाठचे ओढे, जुनी तळी आणि पुराचं पाणी पसरून मुरायच्या सखल जागा पुन्हा जिवंत करा, ही मागणी त्यामुळे पुन्हापुन्हा होते. तिच्यापाठोपाठ पैशाचा प्रश्न येतो. पैसे करातून उभे करायचे ठरले, तर जयसिंगपूरच्या कुटुंबाला किती भुर्दंड पडेल आणि तो ठरवताना त्याला विचारलं जाईल का?

आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण तिथेच लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे.

जून २०१६ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवतीच्या नऊ काउंटींत एक प्रश्न थेट मतपत्रिकेवर आला. उपसागराच्या काठची खाजणं आणि दलदली पूर्ववत करण्यासाठी प्रत्येक मिळकतीवर वर्षाला १२ डॉलर कर, वीस वर्षांसाठी, मान्य आहे का? आजच्या हिशेबाने ही रक्कम वर्षाला साधारण हजार रुपये होते. मंजुरीसाठी दोन-तृतीयांश मतं लागत होती आणि नऊ काउंटींची मतं एकत्र मोजली गेली. सुमारे सत्तर टक्के मतदारांनी होकार दिला. त्यातून वर्षाला अडीच कोटी डॉलर, म्हणजे वीस वर्षांत पन्नास कोटी डॉलर उभे राहणार असा हिशेब होता. हा प्रश्न मतपत्रिकेवर आणण्याचा जादा खर्च काउंटींवर पडू नये, तो उपसागराच्या प्राधिकरणाने भरून द्यावा, हेही कायद्यातच लिहिलेलं होतं.

आपल्याकडे असं मतदान होत नाही. करावर मतदारांचा थेट कौल घेण्याची तरतूद महाराष्ट्राच्या नगरपरिषद कायद्यात नाही. थेट कौल म्हटला की आपल्याला आठवते ती ‘आडवी बाटली’. गावातलं किंवा प्रभागातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी सह्यांनिशी मागणी करायची, मग गुप्त मतदान होतं आणि आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतदारांची मतं पडली तर दुकान बंद. या मोजणीत घरी बसलेला मतदारही धरला जातो, म्हणून बायकांना घरोघरी जाऊन मतदान घडवून आणावं लागतं. करासाठी असा मार्ग नाही. राज्यघटनेचं २६५ वं कलम म्हणतं की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता येणार नाही. तो अधिकार विधिमंडळ देतं आणि त्याच्या चौकटीत नगरपरिषद ठराव करते.

म्हणून आपलं मत दोन ठिकाणी पडतं. एक नगरसेवक आणि नगराध्यक्ष निवडताना. प्रशासकांच्या लांबलेल्या काळानंतर राज्यातल्या नगरपरिषदांच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या, त्यामुळे कराचा ठराव आला तर त्यावर हात वर करणारे लोक आता आपण निवडलेले आहेत. दुसरं ठिकाण म्हणजे हरकतीची मुदत. तिच्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं, आणि खरं वजन तिथेच आहे.

महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ मध्ये दोन प्रकारचे कर आहेत. घरपट्टीसारखे काही सक्तीचे आहेत. १०८ व्या कलमात ऐच्छिक करांची यादी आहे: विशेष सफाई कर, मलनिस्सारण कर, विशेष पाणीपट्टी, अगदी कुत्र्यांवरचा करसुद्धा. पाणथळीचा कर त्या यादीत नावाने नाही. त्यामुळे उद्या तसा ठराव आला तर पहिला प्रश्न हाच विचारायचा: हा कर कायद्याच्या कोणत्या तरतुदीखाली बसवला जातो आहे? उत्तर कागदावर मिळालं पाहिजे.

ऐच्छिक कर बसवण्याची रीत अशी: नगरपरिषद विशेष सभा बोलावते, कर कोणता, कोणावर आणि किती हे ठरावात स्पष्ट करते आणि त्याचे नियम तयार करते. मग नोटीस प्रसिद्ध होते आणि रहिवाशांकडून हरकती मागवल्या जातात. हरकतींचा विचार करून प्रस्ताव मंजुरीसाठी वर जातो. मंजुरी मिळाली की नियम पुन्हा प्रसिद्ध होतात आणि ठरलेल्या तारखेपासून कर लागू होतो. हरकत घेण्याचा हक्क शहरातल्या रहिवाशाला आहे. भाडेकरूनेही घ्यावी, कारण वाढलेली घरपट्टी शेवटी भाड्यातच येते.

उदगाव, चिपरी, नांदणी, धरणगुत्तीसारख्या गावांत ग्रामपंचायतीचा १९५८ चा कायदा लागू होतो. तिथेही कर आकारणीआधी दर जाहीर करून हरकती मागवाव्या लागतात. फरक इतकाच की गावाकडे ग्रामसभा आहे आणि सरपंचाला तिथे समोरासमोर विचारता येतं. शहरात ती सोय नसल्यामुळे लेखी हरकत हाच आवाज.

आणि कर एका गावाचा नसून साऱ्या खोऱ्याचा असेल तर? नदी नगरपरिषदेची हद्द पाळत नाही. इचलकरंजीचं सांडपाणी शिरोळच्या काठाला लागतं, म्हणून एकट्या जयसिंगपूरने कर भरून नदी सुधारणार नाही, हे मला स्पष्ट सांगितलं पाहिजे. पण अनेक नगरपरिषदा, महापालिका आणि पंचायतींवर मिळून एकच कर बसवेल अशी प्रादेशिक यंत्रणा आपल्याकडे नाही. त्यासाठी विधिमंडळाचा कायदा लागेल. असं पूर्वी झालेलं आहे. १९७५ चा व्यवसाय कर रोजगार हमी योजनेच्या पैशासाठी आणला गेला. पगारपत्रकात महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, वर्षाला २,५०० रुपये, ते हेच. रोजगार हमीच्या कायद्यात आणखी एक चांगली गोष्ट होती: या कारणासाठी जेवढा कर गोळा होईल तेवढीच रक्कम शासनाने आपल्याकडून घालायची. पाणथळीसाठी कर मागणाऱ्याने हीच अट मागावी.

या भागाला ‘कपात’ हा शब्द नवा नाही. जयसिंगपूरची ऊस परिषद दरवर्षी दरावर आणि कपातीवर गाजते. २०२५-२६ च्या हंगामासाठी मंत्रिसमितीने मुख्यमंत्री सहाय्यता निधीला टनामागे १० रुपये आणि पूरग्रस्तांसाठी ५ रुपये ठरवले, तेव्हा हा पैसा शेतकऱ्याच्या बिलातून जाणार की कारखान्याच्या नफ्यातून, यावर मोठा वाद झाला. पाणथळीच्या पैशाचाही तोच प्रश्न येईल. शेतकऱ्याच्या टनावर लावायचा, शहराच्या घरपट्टीवर लावायचा, की सांडपाणी सोडणाऱ्यावर? माझं मत सरळ आहे: घाण करणाऱ्याकडून आधी वसूल करा, उरलेलं सगळ्यांनी मिळून भरावं.

आता खिशाचा हिशेब. खालचे आकडे फक्त गणित समजण्यासाठी धरलेले आहेत. शहरात दहा हजार मिळकती आहेत आणि प्रत्येकीवर वर्षाला १०० रुपये सपाट कर बसला असं समजा. मागणी दहा लाखांची होईल. ऐंशी टक्के वसुली झाली तर हातात आठ लाख. एवढ्यात ओढ्यातलं केंदाळ काढणं, काठाला देशी झाडं लावणं, पाण्याची नियमित तपासणी करणं अशी कामं होतात. सांडपाणी प्रक्रिया केंद्र होत नाही, त्याला कोट्यवधी लागतात. ठरावात आठ लाखांच्या करावर नदी शुद्ध करण्याचं आश्वासन असेल तर तिथेच हरकत लिहा.

सपाट दराला पर्याय म्हणजे घरपट्टीप्रमाणे करयोग्य मूल्यावर टक्का. करयोग्य मूल्य २०,००० रुपये असेल तर एक टक्क्याने २०० रुपये आणि दोन लाखांच्या व्यापारी गाळ्याला २,०००. सपाट करात दोन खोल्यांचं घर आणि स्टेशन रोडवरची तीन मजली इमारत सारखंच भरतात. कॅलिफोर्नियातल्या १२ डॉलरांवर झालेली मुख्य टीका हीच होती: साधं घर आणि अब्जावधींच्या कंपनीचा परिसर, दोघांना एकच दर. माझी पसंती टक्क्याला, पण गरिबांच्या छोट्या मिळकतींना सूट देऊन.

कर घरपट्टीच्या बिलातच आला तर थकबाकीचे नियमही सोबत येतात. नगरपरिषदेच्या थकीत करावर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते. २०० रुपयांवर ती महिन्याला चार रुपये दिसते, पण संपूर्ण बिल थकलं की एका वर्षात चोवीस टक्के चढतात. पाणथळीच्या कराविरुद्ध तक्रार असली तरी बिल थांबवू नका. भरा आणि पावतीवर किंवा सोबतच्या पत्रात ‘हरकत कायम ठेवून’ असं लिहून द्या.

कर मान्य करण्याआधी एक गोष्ट जरूर पाहा: याच कामासाठी दुसरा पैसा आहे का? केंद्राच्या ‘अमृत २.०’ योजनेत शहरांतल्या जलस्रोतांचं पुनरुज्जीवन येतं. वित्त आयोगाच्या बंधित निधीत स्वच्छता आणि पाण्यासाठी हिस्सा असतो. ‘माझी वसुंधरा’ अभियानात, जे २ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालं, जल हे पाच तत्त्वांपैकी एक आहे. त्याशिवाय शहरी वृक्ष संरक्षणाच्या १९७५ च्या कायद्यात वृक्ष कराची तरतूद आहेच, आणि तुमच्या बिलात तो रकाना असेल तर त्या पैशाचं काय झालं हे आधी विचारा. जुन्या कराचा हिशेब मिळत नसेल तर नव्या कराला होकार देण्याची घाई करायचं कारण नाही.

‘पाणथळ’ म्हणजे नेमकी कोणती जागा, हे ठरावात लिहून घेणं सगळ्यात महत्त्वाचं. केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ जागा संवर्धन व व्यवस्थापन नियमांनी नदीचं पात्र, भातशेती आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव या व्याख्येतून वगळले आहेत. म्हणजे नियमाच्या भाषेत कृष्णेचं पात्र पाणथळ नाही. ठरावात फक्त ‘पाणथळ जागा’ असा शब्द असेल तर ज्या ओढ्यासाठी तुम्ही पैसे दिले तो ओढा कामातून वगळला जाऊ शकतो. गट क्रमांकांसह जागांची यादी ठरावाला जोडलेली हवी.

आणखी एक घोळ शिरोळमध्येच होण्यासारखा आहे. अतिपाण्याने क्षारपड झालेली, पाणी साचून पडीक राहिलेली शेतं म्हणजे पाणथळ नव्हे. तो बिघडलेल्या जमिनीचा प्रश्न आहे आणि त्याचा उपाय उलटा, पाणी बाहेर काढण्याचा आहे. शिरोळच्या श्री दत्त कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सच्छिद्र पाइपांची निचरा प्रणाली जमिनीखाली घातली आणि पडीक रानं पुन्हा पिकाखाली आणली. इथल्या माणसांना सामुदायिक कामासाठी पदरचे पैसे घालणं जमतं, याचा हा डोळ्यांसमोरचा पुरावा आहे. शेतकऱ्याने पैसे दिले कारण पाइप कोणाच्या रानात जाणार हे त्याला आधी ठाऊक होतं. फक्त एवढं पाहावं लागेल, की निचऱ्याचं खारं पाणी ज्या ओढ्यात जातं तोच ओढा पाणथळीच्या निधीतून सुधारायचा असेल तर दोन्ही आराखडे एकमेकांसमोर ठेवूनच काम सुरू व्हावं.

हरकतीच्या पत्रात काय मागावं? कराला मुदत हवी. उपसागराच्या कराला वीस वर्षांची होती, आपल्याकडे पाच वर्षं पुरेत, पुढे न्यायचा असेल तर नवा ठराव. पैसा स्वतंत्र बँक खात्यात राहावा, सर्वसाधारण निधीत मिसळू नये. वर्षाचा जमाखर्च आणि झालेल्या कामांची यादी नगरपरिषदेच्या फलकावर लागावी. देखरेखीला नागरिकांची समिती असावी, तिच्यात शेतकरी, मच्छीमार आणि नदीकाठचे रहिवासी असावेत. कॅलिफोर्नियातही अशी स्वतंत्र नागरिक समिती कराच्या प्रस्तावातच होती.

या सगळ्याचा तुमचा खर्च फार नाही. हरकत साध्या कागदावर चालते. ठरावाची आणि खर्चाची माहिती मागायची तर माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला काहीच नाही. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिल्या अपिलाला २० रुपये. पाणथळ बुजवली जात असेल आणि कार्यालयं दाद देत नसतील तर पुण्यातल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे जाता येतं. भरपाई मागायची नसेल तर अर्जाचं शुल्क १,००० रुपये, पण नुकसानीचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं.

हरकत एकेकट्याने देण्यापेक्षा गल्लीतल्या सगळ्यांनी आपापल्या नावाने, आपापल्या मिळकत क्रमांकासह द्यावी. शंभर सह्यांचं एक पत्र एक हरकत म्हणून नोंदवलं जाण्याची भीती असते, शंभर पत्रं शंभर हरकती ठरतात. पत्र आवक-जावक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर तारीख, आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. मुदत संपण्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका आणि ती पोच कराच्या पावत्यांसोबतच जपून ठेवा. पुढे सुनावणी लागली किंवा अपील करायचं झालं तर ती मागितली जाईल.