संगणकांतील ब्राउझर काढतां येतो काय?

विंडोज घातलेला नवा संगणक घरीं येतो तेव्हां एज नांवाचा ब्राउझर त्यांत आधींच ठाण मांडून बसलेला असतो. तो समूळ काढतां येईल काय, असें विद्यार्थी आम्हांस वारंवार विचारतात.

ब्राउझराचीं दोन अंगें ध्यानांत घ्यावीं. एक पडद्यावर दिसणारी खिडकी. दुसरें, पानाची मांडणी करणारें आंतलें यंत्र, जें इतर प्रोग्रामही उसनें घेतात. खिडकी काढली म्हणून यंत्र जात नाहीं. १९९८ सालीं अमेरिकेंत खटला उभा राहिला तेव्हां, इंटरनेट एक्स्प्लोरर काढल्यास विंडोज पंगु होईल, असें मायक्रोसॉफ्टचें म्हणणें होतें. २००१ सालीं अपील न्यायालयानें मात्र, तो काढण्याची सोय न ठेवणें बेकायदा ठरविलें.

युरोपांत तर नव्या कायद्यामुळें २०२४ पासून एज काढतां येतो. आंतलें यंत्र तेवढें राहतें. तीच विंडोज पुण्यांत घेतली कीं 'अनइन्स्टॉल'चें बटण निर्जीव! अडचण यंत्राची थोडी, मालकाच्या मर्जीची फार, असें आमचें मत आहे.

पालकांनीं फाइली उपटून टाकण्याच्या भरीस पडूं नये. दुसरेच प्रोग्राम लंगडे पडतात, आणि पुढील अपडेटाबरोबर एज परत येण्याचा संभव असतो. दुसरा ब्राउझर घालून तोच मुख्य ठरवावा, इतकें पुरे. ज्यांस काढावयाचाच असेल त्यांस लिनक्सचा मार्ग मोकळा आहे. १९८८ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेनें आपल्या चेन्नई केंद्रांत बॉस नांवाची लिनक्स प्रणाली तयार केली. तींत ब्राउझर एका आज्ञेनें निघतो, आणि संगणक चालूच राहतो.