आधी पऱ्हाटी तोला

प्रश्न : मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. क्षेत्र प्रकल्पासाठी ‘शाश्वत विकास’ घेतलाय. सौरऊर्जेवर लिहू का?
– एक विद्यार्थिनी, धरणगाव

उत्तर : ‘शाश्वत विकास’ हा विषय नाही, मथळा आहे. आणि सौरऊर्जेवर नुसती माहिती जमवलीस तर ते संकलन होईल. तुझ्या गावाभोवती कपाशी आहे. वेचणी संपली की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उरलेली झाडं, बांधावर रचतात, नाहीतर पेटवून देतात. तिथूनच सुरुवात कर.

शेतकऱ्याला विचारून एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट, मोज. तेवढ्यातली पऱ्हाटी उपटून तोल. किलोभर नमुना वजन घटायचं थांबेपर्यंत उन्हात वाळव, पुन्हा तोल. त्या प्रमाणात गुंठ्याचं वाळलं वजन काढून चाळीसने गुणलंस की एकराचा आकडा हाती. पऱ्हाटीवर राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत दडते. ढिगातली शंभर बोंडं फोडून अळ्या मोजच.

मग या पऱ्हाटीचं काय करायचं ते ठरव : खत, बायोचार (जैवकोळसा) किंवा जळणाच्या कांड्या, यांतलं एकच निवड. उपटणी-वाहतुकीची मजुरी मात्र आधी मांड; कागदावरचे बरेच प्रकल्प तिथेच बसतात (माझाही एक बसला होता!).

काम जमलं तर विद्यापीठाच्या ‘आविष्कार’ स्पर्धेत ठेव. नोंदी शेतातच लिही, घरी येऊन आठवून नको.