हजेरीपटाला गोष्ट समजू नका

लहानपणच्या खेळण्यावरची कॉमिक मालिका नव्यानं निघाली की आमच्या वयाचे लोक मुखपृष्ठ बघूनच पैसे काढतात. जी. आय. जो या खेळण्यातल्या सैनिकांच्या बाबतीत तर नगरकरांचं विचारूच नका. (अहिल्यानगर कागदावर लिहितो, तोंडात अजून नगरच येतं.) भिंगारच्या बाजूला लष्कराचे खरे रणगाडे आणि घरात फनस्कूलचे पावणेचार इंची सैनिक. कमरेतलं काळं रबर वाळून तुटलं की गडी मधोमध दोन तुकडे. मग पाठीचा स्क्रू काढायचा आणि बहिणीचं केसांचं रबर आत अडकवायचं.

तर असाच एक पुनरुज्जीवनाचा अंक मागवला. कुठला, ते सांगत नाही. कागद गुळगुळीत, रंग झकास. पण पानोपानी एकेक जुना गडी यायचा, आपली ठरलेली पोझ द्यायचा, ठरलेलं वाक्य टाकायचा आणि जायचा. शेवटच्या पानावर खलनायक अंधारातून बाहेर आला आणि अंक संपला. दहा मिनिटांत सगळा खेळ आटोपला. पुतण्यानं चाळला, तर दर पानाला "काका, हा कोण?"

खेळण्यावर कॉमिक म्हणजे जाहिरातच, असं म्हणून सोडून देता येत नाही. 1982 साली मार्व्हलनं काढलेली मूळ मालिकाही जाहिरातच होती. पण तिचा लेखक लॅरी हमा हा स्वतः लष्करात राहून आलेला. खेळण्याच्या पाकिटामागच्या ओळखपत्रांवर प्रत्येक सैनिकाचं गाव, हुद्दा, स्वभाव तोच लिहायचा. स्नेक आइजचा पहिला पुतळा नुसता काळा होता, कारण रंगाचा खर्च वाचवायचा होता. हमानं त्या काटकसरीतून चेहरा झाकलेला, मुका माणूस उभा केला. खेळणं हातात न धरलेल्यालाही तो कळतो.

म्हणून मागवण्यापूर्वी आधी लेखकाचं नाव बघा. मुखपृष्ठाचा चित्रकार बहुतेक वेळा आतलं एक पानही काढत नाही. एकाच अंकाची चार-चार मुखपृष्ठं निघतात, आत मजकूर तोच. त्या फंदात पडू नका. नमुन्याची पानं बघायला मिळतात. त्यात कुणाला काही हवंय, कुणी अडकलंय, असं दिसतंय का ते पाहा. नुसती हजेरी चालू असेल तर थांबा. पाच-सहा अंकांचं एकत्र पुस्तक मागाहून येतंच, आणि तोवर वाचलेले लोक खरं काय ते बोलूनही गेलेले असतात.

आणखी एक घोळ. या एकाच खेळण्याच्या गोष्टी निरनिराळ्या धाग्यांनी चालतात. हमाची मूळ मालिका 1994 मध्ये 155 अंकांवर थांबली. 2010 मध्ये आयडीडब्ल्यू प्रकाशनानं ती तिथून पुढे नेली आणि 2023 मध्ये इमेजनं 301 व्या अंकापासून, दोन्ही वेळा हमालाच घेऊन. बाकीच्या मालिका पहिल्या अंकापासून नवा डाव मांडतात. आपण कुठला धागा धरतोय हे न बघता मधलाच अंक उचलला, तर पैसे गेलेच.

घरातल्या पोरांना द्यायचा असेल तर 1984 चा 21 वा अंक शोधा. जुन्या अंकांच्या संग्रहात सापडतो. स्नेक आइज कोब्रा या शत्रू संघटनेच्या गढीत शिरून आपली साथीदार स्कार्लेट हिला सोडवायला जातो आणि अख्ख्या अंकात एकही संवाद नाही. माझा पुतण्या मराठी शाळेतला, इंग्रजी बेताचं. त्यानं तो दोनदा वाचला आणि काहीच विचारलं नाही.